नावं बदलून वाचायला लावणारे गुरुजी

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट जमलं नाही. हे कुणाच्या हाती पडलंच तर तेवढं सांभाळून घ्या.

"आता नावं बदलून वाच," असं आमचे गुरुजी म्हणायचे. म्हणताना टोपी काढून मांडीवर ठेवायचे आणि डोकं खाजवत बसायचे. पुढं काय होणार ते जणू त्यांनाही ठाऊक नसायचं.

म्हणजे व्हायचं असं. पुस्तकातल्या धड्यात आई दळायची, बाबा बाजाराला जायचे, ताई पाणी भरायची आणि बंडू झाडावर चढायचा. कुणीतरी तो खड्या आवाजात वाचून दाखवायचं. मग गुरुजींचं ते वाक्य यायचं, आणि त्याच मुलाला वाचावं लागायचं, "बाबा दळण दळतात. आई बाजाराला जाते. बंडू पाणी भरतो. ताई झाडावर चढते." वर्ग हसून लोळायचा. गुरुजी हसायचे नाहीत.

"का हसलात?" ते विचारायचे. रागानं नाही हं. खरोखर कळून घ्यायचं असल्यासारखं.

"गुर्जी, बाबा दळाय बसलं तर जात्याला लाज वाटंल," एकदा एक पोरगा म्हणाला.

"जात्याला? तू विचारलंस त्याला?"

पुन्हा हशा. पण घरी गेल्यावर मी जात्याकडे बराच वेळ बघत बसले होते, हे मला आठवतं.

स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती. आमची वस्ती निमगाव केतकीच्या बाहेर, आणि शाळा एका खोलीची, चौथीपर्यंत. चौथीत मुली आम्ही दोघीच. गुरुजी परगावचे, एकटेच राहायचे. त्यांच्याआधी शाळा झाडायचं आणि शेणानं सारवायचं काम मुलींचं होतं. यांनी आल्या आल्या मुलांच्याही हातात खराटा दिला. दुसऱ्याच दिवशी एका मुलाची आई पदर खोचून शाळेच्या दारात उभी.

"माझ्या ल्योकाला झाडाय लावता व्हय?"

"बाई, तो घरी झाडतो का?"

"न्हाय बा! त्यो कशाला झाडंल?"

"मग त्याला येत नसणार. येत नाही ते शिकायलाच तर शाळेत पाठवलाय ना तुम्ही?"

बाईनं खोचलेला पदर सोडला. मग "आसं व्हय," म्हणून निघून गेली. तिला ते पटलं की नाही कोण जाणे. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, ज्याच्याशी भांडायला जावं आणि भांडणच सापडू नये.

आता पानमळ्याचं सांगते.

माझ्या वडिलांचा, आबांचा, पानमळा होता. आमच्याकडे तेव्हा बाईमाणूस पानमळ्यात पाऊल टाकत नसे. बाईची सावली पडली की वेल जळतो, असं सगळे म्हणत. आई कुंपणापर्यंत भाकरी घेऊन जायची आणि बाहेरून हाक मारायची. मी दहा-अकरा वर्षांची झाले तरी आपला मळा आतून पाहिला नव्हता.

गुरुजी क्षेत्रफळ शिकवत होते. फळ्यावरचे चौकोन डोक्यात शिरेनात, म्हणून एक दिवस दोरी घेऊन आम्हाला मोजणीला बाहेर काढलं, ते नेमके आमच्याच मळ्यावर. आबा पानं घेऊन बारामतीला गेले होते. गुरुजींचा नियम असा, की दोरीचं एक टोक मुलाकडे, दुसरं मुलीकडे. कुंपणापाशी आम्ही दोघी थबकलो. त्यांना वाटलं, पोरी लाजतायत. "चला, आत चला," म्हणाले. मुलांपैकीही कुणी काही बोललं नाही. गुरुजी सांगतायत म्हणजे चालत असेल, असं वाटलं असावं. आणि मी? मला आत बघायचंच होतं. दोरीचं टोक धरून मी गेले.

आत गारवा होता. शेवरीच्या झाडांवर वेल उंच चढलेले, आणि उन्हालाही हिरवा रंग. पाटाचं पाणी आवाज न करता चाललेलं. मी इतकी वर बघत होते की दोरी दोनदा हातातून सुटली.

थोड्या दिवसांनी मळ्याला मर लागली. वेल बुडातून काळे पडून माना टाकू लागले. तोवर मोजणीची गोष्ट आबांच्या कानावर गेली होती. त्यांनी मला मारलं नाही. एवढंच म्हणाले, "उद्यापास्नं शाळा बंद."

चौथीची परीक्षा इंदापूरला व्हायची होती आणि ती तोंडावर आली होती. मला फार काही मोठं व्हायचं नव्हतं. पण चौथी पास असा शिक्का मला हवा होता. तो मिळाला तर आमच्या घरातली शिकलेली पहिली मीच होणार होते. रात्रभर मी आईच्या कुशीत मुसमुसत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुरुजी वस्तीवर आले. आबांनी घोंगडी अंथरली.

"गुर्जी, तुमी परगावचं. तुमाला ठावं नव्हतं. पन पोरीला ठावं हुतं."

"चूक माझी आहे, आबा. मी आधी विचारायला हवं होतं." गुरुजींनी टोपी काढली. "पण मला एक सांगा, बाई आत गेली की वेल मरतो, हे कुणी पाहिलंय?"

"बघाय कशाला पायजे? आजवर कवा कुनी गेलीच न्हाय की!"

गुरुजींनी मान हलवली. "खरंय. कुणी गेलंच नाही तर कळायचं कसं."

मला वाटलं, संपलं. हेही आबांच्याच बाजूचे निघाले. तेवढ्यात ते दाराकडे वळले. दाराआड आई उभी होती.

"बाई, तुमचं काय म्हणणं आहे?"

आमच्या घरी आलेला पाहुणा आईकडे पाणी मागायचा. तिचं म्हणणं कुणी मागितलं नव्हतं.

"तिला काय इचारता?" आबा म्हणाले.

"नाही, त्यांना काही ठाऊक असेल तर."

आत बांगड्या वाजल्या. मग आईचा आवाज आला, अगदी हळू.

"म्या गेलीया."

"कुठं गेलीयास?"

"मळ्यात. तुमी हिवतापानं आडवं पडला हुता, तवा पानं कुनी खुडली?"

"तात्यानं." तात्या म्हणजे माझा चुलता.

"तात्या सासुरवाडीला जाऊन बसला हुता. म्या पहाटं जायाची, तुमचं ते अंगठ्याचं लोखंडी नख घालून. तात्या आला तवा पानांच्या कवळ्या बांधून तयार. त्यो बी गप ऱ्हायला."

आबांनी मान वळवून दाराकडे पाहिलं.

"त्या साली पान कसं आलं हुतं, सांगा की गुर्जींस्नी," आई म्हणाली.

त्या सालचं पान! आबा आल्यागेल्याला त्याच पानाची गोष्ट सांगायचे. तळहाताएवढं, तुपासारखं मऊ. आता ते घोंगडीच्या दशा ओढत बसले. गुरुजींच्या जागी दुसरा कुणी असता तर "बघा, मी म्हणत नव्हतो?" म्हणाला असता.

मग आबा उठले. "पोरगी परीक्षेला जाऊ दे," म्हणाले आणि बैलांना वैरण टाकायला गेले.

मर कशानं लागली, ते शेवटपर्यंत कळलं नाही. अर्धा मळा गेला, अर्धा राहिला. परीक्षेला गुरुजींनी आम्हाला बैलगाडीतून इंदापूरला नेलं, आणि मी पास झाले. पुढची शाळा लांब होती. आबा "बास झालं" म्हणाले, तेव्हा गुरुजींनाही ते फिरवता आलं नाही. त्याच उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. कुठल्या गावाला, ते आम्हाला नीट कळलं नाही, आणि ते परत कधी दिसले नाहीत.

जायच्या दिवशी सकाळी ते निरोप घ्यायला आले. आबा बाजारला गेले होते. आई आणि मी मळ्यात पानं खुडत होतो. आता लपून जायचं कारण उरलं नव्हतं. आबांनी कधी "जा" म्हटलं नाही, "जाऊ नको" असंही नाही. गुरुजी कुंपणाबाहेर उभे राहिले.

"आत येऊ का?" त्यांनी विचारलं.

"या की," आई म्हणाली. "वहाणा तेवढ्या भाईर काढा."

ते अनवाणी आत आले, वेलाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "देठ कुठं तोडायचा?" आईनं अंगठ्यावरचं नख काढून त्यांच्या हातात दिलं आणि दाखवलं. त्यांनी खुडलं, ते पान मधोमध फाटलं.

"न्हाय जमत तुमास्नी," आई म्हणाली आणि हसली. परक्या माणसापुढं तिला हसताना मी तेव्हाच पाहिलं.

गाडीवानानं हाक दिली. गुरुजींनी नख परत दिलं, फाटलेलं पान तसंच तोंडात घातलं आणि चावत चावत गाडीकडे निघाले.