मताचं लुगडं

सासूबाईंचं हिरवं लुगडं खुंटीवर तसंच आहे. मतदानाला नेसायचं म्हणून त्यांनी ते धुवून ठेवलं होतं. मत दिल्याशिवाय त्या दिवशी त्या चहासुद्धा घेत नाहीत.

पण बॉम्बस्फोटांच्या भीतीने देशाची निवडणूकच पुढे ढकलली. टीव्हीवर पुढारी त्यावरून भांडतात. हे म्हणाले, "आई, माणसं जगली तर मत देतील ना!"

"आन् मी रं? मी जगंन का तवर?"

मला दोघांचंही खरं वाटलं.

तेव्हापासून रोज चहाआधी त्या विचारायच्या, "आज हाय का गं मत?" मी नाही म्हटलं की मगच कप तोंडाला लावायच्या.

आज त्यांनी काही न विचारताच चहा घेतला. मी लुगड्यावरची धूळ झटकली आणि ते परत खुंटीवर ठेवलं.