कुरडयांची राखण आणि एस-४००

किस्से ठरवून गोळा होत नाहीत. चिकाच्या पातेल्याला बुडाशी खरवड धरते, तसे ते धरत जातात. मग कोणीतरी उलथनं घेऊन बसावं लागतं. ते काम माझं!

आमची गच्ची अमरावतीतली. उन्हाळ्यात तिथं आम्ही तिघी कुरडया घालतो: मी, शेजारची कमल आणि रिटायर झालेल्या वत्सला मास्तरीणबाई. त्या वर्षी सीमेवर तणाव होता आणि कमलचा मुलगा विजू हवाई दलात, रडारवर. कुठं आहे ते सांगायची बंदी. फोनही येईना. कमल सोऱ्यात चीक भरायची आणि दाबायचंच विसरायची.

म्हणून मी अभ्यासाला लागले. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं मी पेपर आणि मोबाइलमधून ओरबाडून घेतलंय.

*

पहिला धडा एस-४०० चा, म्हणजे शत्रूची विमानं, क्षेपणास्त्रं आकाशातच पाडणाऱ्या यंत्रणेचा.

"कमल, हे चारशे किलोमीटरवरचं पाडते. गच्चीवरून सोडलं तर संभाजीनगरच्याही पल्याड!"

"अन् पातूर?" तिचं माहेर पातूरचं.

"पातूर तर अंगणातच आलं वं!"

"मंग माहेर सुखरूप," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली.

*

मास्तरीणबाईंना शिस्त लागते. त्यांनी फळाच आणला. रकाने आखले: नाव, पल्ला, उंची, वेग. मी शेवटी एक वाढवला: स्वभाव.

पॅट्रियट: जुनी, लढाया पाहिलेली. थाड: पोटात बारूद नाही, येणाऱ्याला नुसती धडक देऊन फोडते. एरो: वातावरणाच्या बाहेर जाऊन गाठते, म्हणजे भांडण उंबऱ्याबाहेरच मिटवणारी.

"स्वभाव हा तांत्रिक निकष नाही!" मास्तरीणबाई कडाडल्या.

"बाई, सून पाहायला गेलात तेव्हा काय नुसती उंची मोजून आलात?"

रकाना राहिला.

*

मग मास्तरीणबाईंचे जावई आले. अकोल्याला कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात.

"मावशी, नुसता पल्ला पाहून तुलना होत नसते. संरक्षणाला थर लागतात."

"जावईबापू, आजूबाजूला पाहा! टाकीजवळ दुर्बीण घेऊन तुमच्या सासूबाई, त्या रडार. लांबच्या वानरांसाठी कमलची गुलेल. जवळ आलं तर माझी काठी. हे थर नाहीत तर काय पापड आहेत?"

तेवढ्यात त्यांच्या पायाशी कावळा उतरला आणि चोचीत कुरडई घेऊन गेलासुद्धा!

जावई खूश. "पाहिलंत? कोणतीच यंत्रणा शंभर टक्के नसते."

बोलून गेले. कमलनं गुलेल खाली ठेवली आणि गुपचूप जिना उतरली. जावई म्हणून सोडलं मी त्यांना, नाहीतर तिसरा थर जवळच होता!

*

दुसऱ्या दिवशी चीक शिजवताना कमलनं मला धरलं.

"खरं सांगजो. यातली कोणती पक्की? एकही सुटू देत नाही, अशी कोणती?"

आमच्या गल्लीत विजेच्या बिलापासून गुडघेदुखीपर्यंत सगळं मला विचारतात. मी कधी कोणाला रिकामं पाठवलेलं नाही.

"मले नाही माहीत वं," मी म्हणाले.

तिनं चीक घोटून खाली उतरवला. मग वाटीत गरम चीक काढला, वरून तेल-मीठ घातलं आणि माझ्यापुढं सरकवला.

"खाय. थंडा होऊन राहिला."

*

फोन आला तो भर दुपारी. कमलचे दोन्ही हात चिकात, म्हणून मोबाइल मी तिच्या कानाशी धरला. मास्तरीणबाई टाकीजवळून खुणा करत होत्या: जेवला का विचार! झोपतो का विचार!

कमलनं विचारलं, "विजू, तुह्या रडारचं तोंड कोणीकडं हाय रे?"



"ते सांगता येत नाही, आई." मग हळूच म्हणाला, "पण घराकडं पाठ हाय माही."

आणि फोन कटला.

दुसऱ्या दिवशी आम्ही गच्चीवर गेलो, तर कमल आधीच येऊन बसलेली. रोज ती खुर्ची कुरडयांकडं तोंड करून टाकायची. आज खुर्ची फिरवलेली. मांडीवर गुलेल, नजर पार लांब कडुनिंबाच्या शेंड्यावर.

"काहून वं, कुरडयाइकडं पाठ करून बसली?" मी विचारलं.

तिनं मानसुद्धा वळवली नाही.

"राखण करून राहिली," म्हणाली.