येण्याचं कारण

आमच्या थोरल्या मामांनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट उगीच केली नाही. दिल्लीतल्या सरकारी क्वार्टर्समधली बाकीची माणसं हिवाळ्यात गच्चीवर नुसती उन्हात बसत. मामा हाडं शेकायला बसत. लोक संत्री खात. मामा सर्दी टाळायला खात. केंद्र सरकारच्या नोकरीत दुसऱ्यांच्या टिपणांवर 'प्रयोजन काय?' असा शेरा मारता मारता तो शेरा त्यांच्या अंगातच भिनला होता. रविवारी ते कॉलनीतल्या आम्हां पोरांना गच्चीवर इंग्रजी शिकवत, आणि त्यांचं सगळं इंग्रजी 'टु' या एका शब्दाभोवती फिरे. "क्रियापदाआधी टु लावा, म्हणजे माणूस कशाला आलाय ते कळतं," असं ते म्हणत.

त्यांच्या घरात शिरण्याचाही त्यामुळे एक रिवाज होता. बेल वाजली की मामा दार अर्धंच उघडून म्हणायचे, "यू हॅव कम...?" पाहुण्याने 'टु' लावून वाक्य पुरं करायचं, मगच आत पाऊल टाकायचं. शेजारच्या सरदारीणबाई विरजणाची वाटी पुढे करून हसत म्हणायच्या, "आय हॅव कम टु टेक जामन, भाईसाहब!" मी मामींच्या थालीपिठावर डोळा ठेवून यायचो आणि "टु सीक युअर ब्लेसिंग्ज" असं ठोकून द्यायचो. "खोटं आहे, पण व्याकरण बरोबर आहे," म्हणत मामा मला आत घ्यायचे.

ऊन कलायला लागलं, मांडीवर शेंगांच्या टरफलांचा ढीग झाला आणि आमचे डोळे मिटू लागले, की मामांचा आवाजही मऊ व्हायचा. "टु दरवेळी हेतूच सांगतो असं नाही रे. 'ही रॅन टु द स्टेशन, ओन्ली टु फाइंड द ट्रेन गॉन.' गाडी चुकवायला कोणी धावतं का? हे आपलं पदरात पडतं ते." त्या पेंगुळल्या उन्हात हे वाक्य किती वेळा कानावरून गेलं असेल!

पुढे मामी गेल्या. मुलगी मीनल लग्न होऊन गुरुग्रामला राहायला गेलेली. मामी गेल्यानंतरच्या एका दुपारी ती न कळवता आली. मामांनी सवयीने दार अर्धं उघडलं. "यू हॅव कम...?" मीनल उंबऱ्यात नुसती उभी राहिली. मग "काही नाही बाबा, उगीच," म्हणाली आणि जिना उतरून गेली. मामांना वाटलं, थट्टा करतेय, आत्ता परत येईल. ते अनवाणी खाली धावले, ते टॅक्सी वळणावर दिसेनाशी होताना पाहायला. हे मामांनीच मला सांगितलं. त्यानंतर ती आलीच नाही. फोनवर "बिल्कुल ठीक आहे मी," एवढंच बोलायची. मामांनी रविवारचा वर्ग बंद केला.

गेल्या हिवाळ्यात एके सकाळी मामा म्हणाले, "गाडी काढ, मीनलकडे जाऊ." मी कधी नव्हे ते विचारलं, "कशाला?" मामांनी माकडटोपी कानांवर ओढली आणि जिना उतरू लागले. वाटभर धुकं होतं आणि गुरुग्रामच्या इमारती नुसत्या वरच्या वर तरंगत होत्या. सोसायटीच्या फाटकावर गार्डने अडवलं.

"किससे मिलना है, अंकल? काम क्या है?"

जन्मभर जगाला हाच प्रश्न विचारलेल्या मामांनी माकडटोपी काढून हातात घेतली. मला त्यांच्याकडे बघवेना.

"मीनल से," ते म्हणाले. "काम... काम कुछ नहीं. ऐसे ही."

"ऐसे ही थोड़े एंट्री होती है, अंकल," गार्ड हसला, पण त्याने वर फोन लावला. "मैडम, एक बुज़ुर्ग आए हैं. काम पूछा, तो बोलते हैं, ऐसे ही."

मग गार्डने फोन ठेवला. "रुकिए, मैडम खुद आ रही हैं."

धुक्यातून मीनल येताना दिसली. पायांत चपला नव्हत्या. मामा पुढे झाले. त्या दोघांनी एकमेकांना काहीच विचारलं नाही, आणि मी आपला गाडीत उगीच बसून राहिलो.