फाल्गुनातली सुगडं

माझं माहेर सोनईचं, कोरडवाहू. तिथं गूळ म्हणजे आईनं बत्त्यानं फोडलेला ढेपेचा खडा, तोही सणासुदीला. सासर मिळालं ते देवळाली प्रवऱ्याजवळचं, पाटाच्या पाण्यावर पोसलेल्या उसातलं. नगर-मनमाड रस्त्याला लागूनच आमचं गुऱ्हाळ. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात रस आटवायच्या थोरल्या कढईसमोर, काहिलीसमोर उभी राहिले, उकळत्या रसाचा वास नाकात गेला आणि मनाशी म्हटलं, आता मरेपर्यंत इथून हलायचं नाही. दुसऱ्या हंगामात कळलं, गुऱ्हाळच हलणार आहे. बहात्तरच्या दुष्काळाआधीचा तो हंगाम.

ट्रकवाले, एसटीतली माणसं, शिर्डीला निघालेले वाटसरू, वास आला की सगळे थांबत. मामंजी, म्हणजे माझे सासरे, प्रत्येकाला रस देत, पळसाच्या पानावर गरम काकवी वाढत आणि पैसे काढणाऱ्याचा हात खिशातच दाबून धरत. गुऱ्हाळावर आलेल्याला विकायचं नाही, हा त्यांच्या वडिलांपासूनचा नेम. थोरले दीर वैतागले होते. खाणारे खाऊन जातात, ढेपा अडत्याकडे पडून राहतात, त्यापेक्षा ऊस सरळ कारखान्याला घालावा, असं त्यांचं म्हणणं. ते खोटंही नव्हतं. शेवटी ठरलं, शिमगा झाला की काहील मोडीत द्यायची. नगरचा मोडवाला येऊन काहिलीच्या कडेवर टिचकी मारून गेला. ती टिचकी मला माझ्या कपाळावर बसल्यासारखी लागली.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. आधी यांना सांगितलं, तर हे म्हणाले, तूच बोल, देवानं जीभ तुला दिलीय. मग पदर सारखा केला आणि मामंजींसमोर जाऊन म्हटलं, खाऊ-पिऊ घाला हवं तेवढं, पण घरी न्यायला विकत द्या.

"गुऱ्हाळावर आल्यालं मानूस पाव्हनं आसतंय," ते म्हणाले. "पाव्हन्याला इकत न्हाईत."

"हितं खातंय ते पाव्हनं, मामंजी. पर त्याच्या घरी बसल्याली मानसं कुटं आल्यात आपल्याकडं? ती कशी पाव्हनी?"

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, शिमग्यापर्यंत कर काय करायचं ते, पण मला बघायला लावू नको. आणि बाज उचलून रस्त्याकडे पाठ करून बसले.

आता न्यायचं कशात? एवढी थोरली ढेप एसटीत मांडीवर घेऊन कोण बसणार? संक्रांत नुकतीच झाली होती आणि कुंभारणीकडे सुगडं उरली होती. संक्रांत सरल्यावर सुगडाला कुत्रं विचारत नाही. टोपलीभर उचलून आणली, त्यातली निम्मी काकवीनं भरली, तोंडाला फडकी बांधली. पहिल्याच दिवशी भरलेली सगळी खपली. माझे पाय जमिनीवर नव्हते.

दुसऱ्या दिवशी एसटी थांबली आणि कंडक्टर कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभा राहिला. "ताई, तुमची काकवी काल बिनतिकिटाची मनमाडपर्यंत गेली, माझ्या सीटवर बसून. आता तिला शोधत मुंग्या निघाल्यात."

उन्हाळाभर माठातलं गार पाणी पिणाऱ्या मला मातीचं भांडं पाझरतं एवढं सुचू नये! अख्खी एसटी हसली, थोरले दीर हसले, मामंजींची पाठसुद्धा हलताना दिसली. मला रडू आलं नाही, संताप आला, आणि तो सगळा स्वतःचाच. तिरमिरीत रिकामी उरलेली सुगडं नेऊन पाण्याच्या टाकीत बुडवली.

तेवढ्यात काहील उतरली. आमचा गुळव्या ओलं फडकं घातलेल्या बादल्यांत गरम गूळ भरायला लागला. असा गूळ बादलीत थिजला की त्याची ढेप होते. मी रोज बघत होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. बादलीत ढेप होते तर सुगडात का होणार नाही? भिजलेली सुगडं तशीच नेऊन त्याच्यापुढे मांडली आणि भर म्हटलं. त्यानं मामंजींच्या पाठीकडे बघितलं. पाठ वळली नाही. त्यानं भरली. सकाळी मी एक सुगड सगळ्यांसमोर उपडं करून हलवलं. आतला गूळ जागचा हलला नाही.

त्यानंतर मागं बघायची वेळच आली नाही. त्याच कंडक्टरनं पहिलं सुगड घेतलं, बायकोसाठी, आणि पुढं त्याची गाडी आमच्या दारात न थांबता गेलीच नाही. त्याचं बघून बाकीच्याही थांबायला लागल्या. रस, काकवी पहिल्यासारखीच फुकट, आणि माणसं हौसेनं सुगडं घेऊन गाडीत चढत. संक्रांतीची उरलेली सगळी संपली तेव्हा मी कुंभारणीकडे नवी करायला सांगायला गेले. ती चाकाशेजारी कपाळाला हात लावून बसली. म्हणाली, जन्म गेला या मातीत, पण फाल्गुनात सुगडं करायला कुणी सांगितलं नव्हतं.

शिमगा झाला आणि ठरल्याप्रमाणे मोडवाला टेम्पो घेऊन दारात उभा राहिला. काहील ठेवायची असं तोंडानं अजून कुणीच म्हटलं नव्हतं. दोन गाड्या उभ्या होत्या आणि थोरले दीर खिडक्यांतून सुगडं द्यायच्या गडबडीत होते. मामंजींनी मोडवाल्याला बसवलं, रस दिला, पानावर काकवी वाढली. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, त्यांची बाज रस्त्याकडे तोंड करून मांडली होती. केव्हा फिरवली कोण जाणे.

मोडवाल्यानं बोटं चाटून काहिलीचा विषय काढला. मामंजी म्हणाले, काहील तापलेली आहे, आणि ती आता थंड व्हायची नाही. तो ओशाळून उठला. जाता जाता पोरांसाठी म्हणून त्यानं एक सुगड उचललं आणि टेम्पोकडे वळला.

"पाव्हनं," मामंजींनी मागून हाक मारली. "खाल्लं ते तुमचं. न्हेताय त्याचं पैसं सूनबाईकडं द्या."

मी पदर खोचला आणि हात पुढे केला.