अण्णांचं नाक

दुपारच्या दुधाला अजून तासभर आहे. दूध संघाच्या प्रयोगशाळेत जयमाला चौगुले टेबलावर डोकं टेकते, ते नुसते डोळे मिटायला. कोपराखाली बढतीचं पत्र आहे. 'व्यवस्थापकपद स्वीकारते' अशी त्यावर पाचच्या आत सही हवी. पंख्याचा आवाज लांब लांब जातो आणि कुणीतरी म्हणतं, "निजलीस व्हय गं?"

समोर दौलतअण्णा मगदूम उभे आहेत. जाऊन तीन वर्षं झाली, तरी टोपी तशीच तिरकी. तिला दुधाचा वास घ्यायला शिकवलं ते यांनीच. कॅनचं झाकण नाकाशी नेऊन अण्णा सांगत, हे टिकेल, हे तासाभरात फाटेल. कधी चुकले नाहीत. म्हणून संघानं त्यांना व्यवस्थापक केलं आणि एका गुणी माणसाचं मातेरं झालं. रजेचे अर्ज आठवडाभर खिशात, सभेत बोलायचं म्हटलं की घाम, आणि दोघं भांडत आले की दोघांनाही 'तुझंच बरोबर'. जयमालाला त्यांचा राग यायचा, कीव यायची आणि माया तर यायचीच.

"अण्णा, तुम्ही हो का म्हणालात?"

"मला इचारलं कुणी? कौतुक करायचं हुतं त्यास्नी. शाल-नारळ देऊन झाला हुता, मग खुर्ची दिली." अण्णा हसतात. "आणि घरात पेढं वाटून झालं हुतं. पेढं खाल्लेल्या माणसांना काय सांगणार?"

प्रयोगशाळेचा आता अण्णांचा गोठा झाला आहे. गव्हाणीपुढे साहेबाची फिरती खुर्ची, खुर्चीत अण्णा, मांडीवर कागद. म्हैस एक फाईल निवांत चघळते आहे. अण्णांना नि जयमालाला त्यात काही वावगं वाटत नाही.

"मी नाही म्हटलं तर ऑफिसातला तो कदम व्यवस्थापक होईल. त्याला तर काहीच येत नाही."

"मलाबी हेच सांगितलं हुतं. तवा नाव दुसरं हुतं, एवढंच."

मग ती मनातलं बोलते. "मला मॅडम म्हणवून घ्यायचंय, अण्णा. वीस वर्षं ओल्या फरशीवर उभी आहे."

"वाटणारच की. मलाबी वाटलं." ते तिच्या डोक्यावर हात ठेवतात. "नऊ वर्षं त्या केबिनमधी बसलो, पोरी. एक झाकण कुणी म्होरं आणलं न्हाई. साहेबानं वास घ्यायचा नसतो म्हणं."

गोठ्यात कॅन ओळीनं मांडलेले आहेत. जयमाला एकाचं झाकण काढून त्यांच्यापुढे धरते. अण्णा डोळे मिटून वास घेतात आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा होतो.

"ग्वाड हाय. सांजपतुर टिकतंय," ते म्हणतात आणि झाकण मांडीवरच्या कागदावर पालथं ठेवतात.

दुधाच्या गाडीचा भोंगा वाजतो. जयमाला दचकून उठते. पत्रावर, सहीच्या जागेभोवती, दुधाचं ओलं कडं उमटलं आहे, झाकणाएवढं. सकाळपासून या खोलीत एकही कॅन आलेला नाही. ती वाकून वास घेते. दूध गोड आहे.

मॅडम म्हणवून घ्यायची हौस अजून गेलेली नाही. तरी ती पेन उघडते आणि कड्याच्या आत लिहिते, 'मला आहे तिथेच ठेवा. कौतुक म्हणून खुर्ची कुणालाच देऊ नका.' खाली सही करते. रडू येतंय, पण बाहेर कॅन उतरायला लागलेत, म्हणून ती उठते.