अश्विनचा उजवा डोळा

कोपरखैरण्याच्या त्या सोसायटीत सी विंगची लिफ्ट बंद पडते, बातम्या कधीच नाहीत. गेल्या महिन्यात बातमी तळापासून गच्चीपर्यंत गेली की तिसऱ्या मजल्यावरच्या संघप्रियानं सासूला घराबाहेर काढलं, पिशवीसकट. कुणी पाहिलं? कुणीच नाही, पण पिशवीचा रंगसुद्धा सगळ्यांना ठाऊक.

पिशवी खरी होती, बाकीचा मसाला. ती भरली होती सासूनं, सुंदराबाईंनी, स्वतःच.

संघप्रियाचा अश्विन सव्विसाव्या आठवड्यात जन्मला. आठशे ग्रॅम, त्याच्यापेक्षा किलोभर कांदे जड. दहा आठवडे काचेच्या पेटीत. आजूबाजूच्या पेट्यांतली दोन बाळं गेली, हा घरी आला. डॉक्टरांनी बजावलं होतं, "डोळ्यांचा पडदा अजून कच्चा आहे. येत्या सोमवारी तपासायला आणायचंच."

सुंदराबाईंनी दारातच फर्मान काढलं, "लेकरू आत्ता कुठं घरात आलंय. सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाय." पेटीतले दिवस त्यांनी धरलेच नाहीत; सव्वा महिना घरी आल्यापासून मोजला. संघप्रिया दहा आठवडे हॉस्पिटलच्या बाकड्यावर झोपलेली. बाळ दूध पीत होतं, श्वास घेत होतं. ती म्हणाली, "बरं, आई."

सव्वा महिन्यानं नेलं, तेव्हा डाव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. उजव्यावर त्याच दिवशी लेझर केलं. तो तरी राहील का, हे डॉक्टरही सांगेनात.

तेव्हापासून रोज सकाळी संघप्रिया लाल वाटी त्याच्या तोंडासमोरून हळूहळू फिरवायची. डोळा हलायचा नाही. सुंदराबाई भिंतीकडे तोंड करून बसायच्या. तीन महिने हेच. मग एक दिवस त्यांनी पिशवी भरली.

"पोराला माझं तोंड नको दिसायला."

संघप्रियानं जिन्यातच पिशवी ओढून घेतली. "त्याला अजून कुणाचंच दिसत नाही, आई. वर चला."

परवा वाटी सरकली आणि उजवं बुबुळ तिच्यामागे अर्ध्या वाटेपर्यंत गेलं. पहिल्यांदा ओरडल्या त्या सुंदराबाईच. डॉक्टर म्हणाले, "एवढी नजर राहिली. जाड चष्मा लागेल. बसणं, चालणं उशिराच. किती, ते आज सांगता येणार नाही."

खाली गेटपाशी पहिल्या मजल्यावरच्या स्मिताकाकूंनी गाठलंच. "काय गं, जिच्यामुळे पोराचा डोळा गेला, तिलाच परत घरात घेतलीस?"

संघप्रिया म्हणाली, "काकू, तपासणीची तारीख फाइलवर लिहिलेली होती. आईंना वाचता येत नाही. मला येतं."