दुपारचा ध्रुव

ज्या वर्षी धूमकेतू आला, त्या वर्षी त्याच्या फोटोसाठी मी कळवणच्या पुढे एका खळ्यावर तिन्हीसांजेला तिवई लावली. वर घरीच केलेलं यंत्र होतं: दोन फळ्या, मध्ये बिजागरी आणि एक स्क्रू. स्क्रू हळूहळू फिरवला की कॅमेरा ताऱ्यांबरोबर सरकतो, पण बिजागरी नेमकी ध्रुवाकडे रोखलेली लागते. त्यासाठी तिला बॉलपेनची रिकामी नळी चिकटवली होती. आपल्याकडे ध्रुव फार वर नसतो. गुडघे टेकून, मान वाकडी करून मी तो एकदाचा नळीत पकडला.

खळ्याची मालकीण, साठीची बाई, झाडू घेऊन मागे उभी होती.

"काय बघता, दादा?"

"ध्रुवतारा, मावशी. बघा की."

तिने पदराला हात पुसले, एक डोळा तळव्याने झाकला आणि दुसरा नळीला लावला. बराच वेळ हलली नाही.

"माझं लगीन भर दुपारी लागलं. भटजी म्हणले, वर बघ आन् दिसला म्हण. मी म्हणले, दिसला." मग तिने ओट्यावरच्या नवऱ्याला हाक मारली. "आवो, या इकडं. हाय तो खरंच."

उठताना तिने तिवईचाच आधार घेतला. नळी समोरच्या काळ्या डोंगराकडे वळली. धूमकेतू मावळायला आला होता, आणि मला सगळं पुन्हा जुळवायचं होतं. मी काही बोलणार, तोवर म्हातारा वाकलाही होता.

त्याने नळीतून पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं.

"दिसला," तो म्हणाला.